कड्यावरचा मलिदा

एलियाहू हानबी या ज्यू प्रेषिताचा उरूस हैफाच्या गुहेत करायचा ही घरची रीत मोडली ती त्या वर्षी, आणि ती नेमकी कुणी मोडली यावर किर्यात गातपासून मित्स्पे रामोनपर्यंत गाडीत एकमत झालं नाही.

"मी एवढंच म्हटलं, की पोरीला सुट्टी मिळत नाही तर आपण तिकडे जाऊ," बेनी गाडी चालवता चालवता म्हणाला. "बाकी सगळं शोशीबायनं ठरवलं."

"वा रे वा," शोशी म्हणाली. ती बेनीची थोरली बहीण. पेताह तिक्व्याहून आदल्या दिवशीच येऊन तिनं भावाच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. "मी म्हटलं हवापालट होईल. हवापालट करणं आणि हानबीला वाळवंटात नेऊन बसवणं एकच का रे?"

"हानबी वाळवंटातलाच," मागून हासाजीकाका म्हणाले. बेनीचे हे चुलते ऐंशी कधीच ओलांडून गेले होते आणि मलिद्याचं पातेलं दुसऱ्या कुणाच्या मांडीवर द्यायला तयार नव्हते. "बेर-शेव्याहून दिवसभर चालत गेला आणि एका झुडपाखाली जाऊन निजला. पुस्तकात आहे. नंतर आपल्या कोकणात आला, खंडाळ्याला, घाटातल्या नव्हे, आपल्या. तिथं खडकावर त्याच्या घोड्याची टाप उमटलीय, ती मी या डोळ्यांनी बघितलीय. मधला रस्ता याच बाजूनं असणार."

नेगेवच्या वाळवंटातून खंडाळ्याला जायचा रस्ता कुणालाच माहीत नव्हता.

बेनीची बायको बेला खिडकीला टेकून बाहेर बघत होती. रामोनला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी 'बरं' म्हणाली ती तीच, आणि ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, याचं तिला मनातून हसू येत होतं. बेला एका शब्दात हो म्हणाली की तिच्या माहेरची माणसं सावध व्हायची. सासरचे अजून, लग्नाला तीस वर्षं होत आली तरी, शिकले नव्हते.

मागच्या पेसाहच्या सणाच्या जेवणावर त्यांच्या लेकीनं, अदीनं, बॉम्ब टाकला होता, त्याला आता वर्ष होत आलं. किर्यात गातच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यातली नोकरी. पांढरा पोषाख, थंड हवा, घरापासून बसनं पाच थांबे, कँटीनमध्ये गरम जेवण. ती सोडून पोरगी रामोनच्या खळग्यात पकाह म्हणून लागली. पकाह म्हणजे रानाचा राखणदार. तेही कायम नाही, वर्षभर उमेदवारीवर.

"रानाचा म्हणजे कशाचा?" तेव्हा हासाजीकाकांनी विचारलं होतं. "तिथं झाड कुठाय?"

"नाहीये, म्हणून तर राखायचं," अदी म्हणाली होती. अर्थात हिब्रूत. घरातले मराठीत बोलायचे आणि अदी हिब्रूत उत्तर द्यायची. मराठी तिच्या कानात होतं, जिभेवर उतरलेलं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

बेनी त्या दिवशी बायकोच्या बाजूनं होता, दुसऱ्या दिवशी मुलीच्या. "अगं, गव्हर्मेंट सर्विस आहे," तो म्हणाला होता. "ठाण्यात असतो तर तुझ्या बापानं आळीभर पेढे वाटले असते."

"माझ्या बापानं मला दरीत सोडलं नसतं," बेला म्हणाली होती.

या हिवाळ्याच्या तोंडाशी त्या दरीत पूर आला. कोरड्या ओढ्यातून पाणी भिंतीसारखं येतं म्हणे. अदी आणि तिचे सोबती दोरखंड लावून कुणा पोराटोरांना वर काढत होते आणि इकडे बेला फोन मांडीवर घेऊन, दिवाही न लावता, बसून राहिली होती. शेवटी फोन वाजला तेव्हा अदी आईला एवढंच म्हणाली, "इमा, मस्त झालं सगळं." त्या 'मस्त'चा राग बेलाच्या मनातून अजून गेलेला नव्हता.

*

अदी फाट्यावर उभी होती. खाकी शर्ट, बाहीवर रानबोकडाचा बिल्ला, नाक उन्हानं सोललेलं. बेलानं आधी नाक पाहिलं, मग मिठी मारली, मग पुन्हा नाक पाहिलं.

"क्रीम लावत नाहीस."

"लावते."

"कुठं लावतेस, जीपला?"

अदी हसली आणि तिनं सगळ्यांना कड्याकाठच्या बाकांकडे नेलं. ऊन होतं, पण वारा असा, की शोशीबायनं साडीवर दोन स्वेटर चढवले आणि तिसऱ्याची चौकशी केली. बाकांच्या पलीकडे वीसेक पावलांवर एक पाटी होती. पाटीच्या पुढे कडा, आणि कड्याच्या पुढे काहीच नाही. इतकं मोठं काहीच नाही बेलानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. लाल, काळे, पिवळे डोंगर खाली बुडाशी पडलेले, कुणी मसाल्याचा डबा उपडा केल्यासारखे.

"पाटीच्या अलीकडे काय करायचं ते करा," अदीनं सगळ्यांना सांगितलं. "पलीकडे राखीव जागा. शेकोटी नाही, गॅस नाही, बोकडांना खायला घालायचं नाही, आणि काही तोडायचं नाही. दोदा शोशी, तुला सांगतेय."

"मी काय केलं?" दोदा, म्हणजे आत्या, म्हणाली.

"अजून काही नाही."

खरोखरच तेवढ्यात दोन रानबोकड बाकाशी येऊन उभे राहिले आणि फळांच्या पिशवीकडे घरच्यासारखे बघू लागले. हासाजीकाकांनी पातेल्याला दोन्ही हातांनी मिठी घातली.

मग झेएव आला. हा अदीचा साहेब, पन्नाशीचा, पायांत सँडल, एवढ्या थंडीत अर्धी चड्डी. त्याला बेनीनं परस्पर बोलावलं होतं.

"अहो, हे कधी ठरलं?" बेलानं नवऱ्याला मराठीत विचारलं, चेहरा पाहुण्याकडे हसरा ठेवून.

"पाहुणा आहे. उरसाला येणाऱ्याला विचारत नाहीत."

"घरी बोलू."

शोशीबायनं झेएवला ताबडतोब बाकावर बसवून केळं सोलून हातात दिलं आणि चौकशी सुरू केली. बायको आहे का, कुठली, मुलं किती, आणि इथं रामोनमध्ये पेताह तिक्व्यासारखी सोय आहे का. तिच्या मनात पेताह तिक्व्यातला एलियाव नावाचा हिशेबनीस होता. शेजारणीचा मुलगा, स्वतःची गाडी, स्वतःचा फ्लॅट, कपाळ जरा मोठं. अदी शहरात आली तर आठवड्यात साखरपुडा, असं तिनं बेलाला बिर्डं सोलताना सांगून ठेवलं होतं. तिथून नणंद-भावजय एका पक्षात होत्या, आणि हा पक्ष किती टिकेल याची बेलाला खात्री नव्हती, कारण शोशीबाय जिथं जास्त गंमत तिथं जायची.

बेला ताट मांडू लागली. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर बदामाचे काप. बाजूला पाच फळं, खजूर, गुलाबाच्या पाकळ्या. शेवटी ओल्या फडक्यात गुंडाळलेली सब्जाची जुडी. ती तिनं अंगणातल्या कुंडीतून पहाटे खुडली होती. वासाची बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणायला काहीतरी सुगंधी हिरवं लागतं. ते नसेल तर मलिदा अर्धा.

झेएव केळं संपवून तिच्याजवळ येऊन उभा राहिला. शोशीबायपासून सुटका करून घ्यायला आला असावा.

"तुमची मुलगी चांगली आहे," तो हिब्रूत म्हणाला. "पाणी कुठून येणार ते तिला ढग बघून कळतं. जनावरं तिला बुजत नाहीत. जीप माझ्याहून बरी चालवते. एकच खोट आहे."

"कुठली?" बेलानं विचारलं. तिला स्वतःला पाच-सहा माहीत होत्या, त्यातली कुठली बाहेर फुटली ते तिला पाहायचं होतं.

"फार गोड आहे. वर्षभरात दंडाची एक पावती फाडलेली नाही. बोकडांना पाव घालणारे, दगडांवर नावं कोरणारे, शेकोटी पेटवणारे, सगळ्यांना समजावते आणि सोडून देते. लोक तिला मिठ्या मारून जातात. समजावून सोडणारा तो गाईड. मला गाईड नको, पकाह हवा. आज संध्याकाळी मला तिच्याबद्दल लिहून पाठवायचंय, कायम करा की मोकळी करा. खरं सांगू? अजून ठरलेलं नाही."

बेला ऐकत होती. सब्जाची जुडी तिच्या हातात होती.

'मोकळी करा.' हे दोन शब्द तिच्या कानात असे शिरले, की जणू हानबीच ते कड्यावरून बोलला. अनोळखी माणसाची पावती हिच्यानं फाडवत नाही. लहानपणी शाळेतून सरडा उचलून आणायची, आणि त्याला 'परत जा' म्हणता येत नाही म्हणून रडायची. ही आईची पावती फाडेल? साहेबाच्या डोळ्यांदेखत आईला सोडून देईल, साहेब मान हलवील, आणि रविवारी पोरगी घरी. भांडण नाही, रडारड नाही, कुणाचा दोष नाही.

झेएव पाण्याची बाटली शोधायला वळला आणि बेलाच्या हातांनी तिला न विचारता जुडी पर्समध्ये टाकली. पर्सचा चाप लागला तो 'टक्' असा आवाज तिला बंदुकीसारखा ऐकू आला.

"शोशीबाय," तिनं हळूच हाक मारली. "सब्जा घरी राहिला म्हणायचं."

"राहिला?"

"म्हणायचं."

शोशीनं पर्सकडे पाहिलं, बेलाकडे पाहिलं, आणि पाटीपलीकडच्या खडकांकडे पाहिलं. तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. "तुझ्यासारखी भावजय मिळायला पुण्य लागतं बाई," ती म्हणाली, आणि लगेच मोठ्यानं, "अगोबाई, सब्जा विसरला की."

हासाजीकाकांनी पुस्तक मिटलं. "मग कसं व्हायचं? वासाशिवाय बेराखा कशावर म्हणू, बेनीच्या डोक्यावर?"

"गुलाबाच्या पाकळ्या आहेत की," अदी म्हणाली.

"त्या बाजारच्या," बेला पटकन म्हणाली. "वास नाही त्यांना. थांबा, मी बघते."

आणि ती चालू लागली.

*

वीस पावलं लांब नसतात, पण मागे सगळं घर बघत असताना तेवढी चालायला बेलाला वेळ लागला. पाटी आली. पाटीवर लिहिलेलं तिनं वाचलं, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं.

"इमा," अदीनं हाक मारली. "पाटीच्या पुढे नको."

बेला पुढे गेली. खडकाच्या भेगेत एक खुरटं झुडूप होतं, राखाडी-हिरवं, पानं नखाएवढी. वाकताना तिला वास आला, ओव्यासारखा, त्याहून उग्र. क्षणभर वाटलं, राहू द्यावं. मग तिला फोन मांडीवर घेऊन बसून काढलेली ती रात्र आठवली, आणि तिनं एक चांगली हातभर फांदी मोडून घेतली. मोडतानाचा आवाज बाकांपर्यंत गेला.

फांदी घेऊन ती बाकांपाशी परत आली.

"घ्या काका," ती म्हणाली. "म्हणा बेराखा."

"इमा, थांब." अदीचा आवाज बारीक झाला होता. "तो झातार आहे. रामोनचा झातार. या डोंगरांशिवाय जगात कुठं होत नाही."

"मग नशीबवान आहोत आपण."

अदीनं झेएवकडे पाहिलं. झेएवनं खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या आणि एकेक फोडू लागला. सिनेमात पडदा वर गेल्यावर माणूस करतो तसा.

अदीचे कान लाल झाले. बेलाला ते कान ठाऊक होते. शाळेत सगळ्या वर्गापुढे कविता म्हणताना, सैन्यात जायच्या बसमध्ये चढताना, आणि पेसाहच्या जेवणावर राजीनामा सांगताना ते असेच झाले होते. त्यातल्या एकाही वेळी ती मागे फिरली नव्हती, ही गोष्ट बेलाला आत्ता, फार उशिरा, आठवली.

अदीनं शर्टच्या खिशातून पावतीपुस्तक काढलं. ते नवंकोरं होतं. पहिलं पान चिकटलं होतं, ते तिला नखानं सोडवावं लागलं.

"बेनी, बघ रे," शोशी म्हणाली. "तुझी लेक."

"बघतोय," बेनी म्हणाला, आणि थोडा मागे सरकला.

"हवं तर मी लिहितो," झेएव म्हणाला. "तुझी आई आहे."

"मी पाहिलं," अदी म्हणाली. "ज्यानं पाहिलं त्यानं लिहायचं. तूच शिकवलंस." मग ती आईकडे वळली आणि पाठ केलेलं हिब्रू म्हणू लागली, "बाई, तुम्ही संरक्षित वनस्पती—"

'बाई.' बेलाच्या अंगाची लाही झाली. कुठं एवढ्याशा फांदीसाठी ही पोरगी आईला 'बाई' म्हणते. तिनं आपलं शेवटचं हत्यार बाहेर काढलं.

"मला हिब्रू येत नाही," ती मराठीत म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. बेला तीस वर्षं भाजीवाल्यांशी, डॉक्टरांशी, बँकेशी, आणि एकदा तर एका मंत्र्याच्या सेक्रेटरीशी हिब्रूत भांडलेली होती.

"काय म्हणतात त्या?" झेएवनं विचारलं.

"तिला हिब्रू येत नाही म्हणते," अदी म्हणाली.

"मग पंचाईत आहे. गुन्हा ज्याला त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगावा लागतो. दुभाष्या लागेल." झेएवनं एक बी फोडली. "आपल्या खात्यात यांची भाषा येणारं कोणी आहे?"

"एक जण आहे," अदी म्हणाली.

"कोण?"

"मी."

"मग समजाव."

अदीनं घसा साफ केला. वारा पडला होता. रानबोकडसुद्धा मान वर करून उभे होते. आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी अदी पहिल्यांदा सगळ्या घरापुढे मराठी बोलू लागली.

"इमा, तू झाड तोडला."

"तोडलं," शोशीनं दुरुस्त केलं.

"तोडलं. का तोडलं? हात लावू नको म्हटलं होतं ना? किती वेळा सांगायचं? एकदा सांगून कळत नाही? कान आहेत की भोकं?"

बेनीनं झटकन कड्याकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलू लागले.

बेलाचं तोंड उघडं राहिलं. अदीला जेवढं मराठी येत होतं ते सगळं तिला रागावून शिकवलेलं होतं. लाडाचं, गप्पांचं, बाजारहाटाचं सगळं कधीच हिब्रूत गेलं. रागावणं तेवढं बेलानं आईच्या भाषेत ठेवलं होतं. आता सरकारी कायदा त्याच कपड्यांत तिच्यापुढे उभा होता.

"तुझ्या बापाचं आहे का हे?" अदी पुढे म्हणाली. आता तिला लय सापडली होती.

"नाही," हासाजीकाका गंभीरपणे म्हणाले. "तिचा बाप ठाण्याचा."

"सगळ्यांचं आहे. एकटीनं घ्यायचं नाही. दिसलं की उचललं, दिसलं की उचललं, ही काय रीत आहे? मागून येणाऱ्यांनी काय खायचं? सगळ्यांनी एकेक घेतलं तर डबा रिकामा. मग रडायचं नाही."

हा करंज्यांचा डबा होता. बेलानं तो ताबडतोब ओळखला. वरच्या फळीवरचा, पत्र्याचा. शब्द न् शब्द तिचाच, दम घ्यायच्या जागासुद्धा तिच्याच. आणि शेवटी तर्जनी उगारून अदी जशी क्षणभर थांबली, तशी बेला स्वतः थांबायची, हसू आवरायला.

"कलम समजावलंस?" झेएवनं विचारलं.

"पूर्ण," अदी म्हणाली.

शोशीबायनं डोळे पुसले. "असा कायदा असेल तर मी पण एक फांदी तोडते बाई," ती म्हणाली. "मलाही कुणीतरी समजवा." ती बोलता बोलता उठून अदीच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. पेताह तिक्व्याच्या एलियावचं नाव त्या दिवशी तिनं पुन्हा काढलं नाही.

"नाव?" अदीनं विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"नियम आहे."

"बेला."

"ओळखपत्र दाखव."

"नंबर तुला पाठ आहे. माझे सगळे कागद तूच भरतेस."

"पाठ आहे. पण बघावं लागतं. काढ."

हे 'काढ'सुद्धा बेलाचंच होतं, प्रगतीपुस्तक मागताना म्हणायची ते. इतका वेळ ऐकून ऐकून तिचे हात आपोआप आज्ञाधारक झाले होते. तिनं पर्स उघडली, ओळखपत्रासाठी आत हात घातला, आणि ते ओढून काढताना त्याच्यामागोमाग ओलं फडकं बाहेर आलं, उलगडलं, आणि सब्जाची जुडी अदीच्या बुटांवर पडली.

वास लगेच पसरला. सब्जाचा वास लपत नाही.

बेनीचे खांदेसुद्धा थांबले. अदी खाली वाकली. जुडी उचलून तिनं तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पुस्तकाकडे, मग झेएवकडे, आणि सगळ्यात शेवटी आईकडे. बेलाला वाटलं, आता ओरडली तर बरं.

"तुला वाटलं मी लिहिणार नाही," अदी म्हणाली. हळू आवाजात, आणि पुन्हा आपल्या हिब्रूत.

"हो."

"आणि मग?"

बेलानं खूप कारणं तयार ठेवली होती. पूर, रस्ते, पगार, एलियाव, सोललेलं नाक. त्यांतलं एकही वेळेवर आलं नाही.

"मग घरी येशील," ती म्हणाली.

अदीचा चेहरा हलला. तिनं ओळखपत्र हातात घेतलं, नंबर उतरवला, तारीख टाकली. अक्षर वाकडं येत होतं. ते वाऱ्यानं नव्हतं, आणि हे बेलाला दिसत होतं.

झेएवनं हातावरची टरफलं झटकली. बेलाची मराठी उत्तरं त्याला कळली नव्हती, पण जुडी कुठून पडली ते त्यानं पाहिलं होतं, आणि तो काही मूर्ख नव्हता. "पुरे, अदी," तो नरमाईनं म्हणाला. "मी बघितलं. तुला जमतं, मला एवढंच बघायचं होतं. आई आहे, सणाचा दिवस आहे. चुरगाळून टाक तो कागद."

अदीचा हात पुस्तकावर थांबला. ती दमलेली दिसत होती. चुरगाळला असता तिनं.

"का म्हणून चुरगाळायचा?" बेला म्हणाली.

ती झेएवच्या इतकी जवळ गेली की त्याला एक पाऊल मागे घ्यावं लागलं. "तुम्ही स्वतः मला सांगितलंत, ही लिहीत नाही म्हणून. आता पोरीनं जीव मुठीत धरून लिहिलं, तर तुम्ही म्हणता टाकून दे. उद्या दुसऱ्याची आई येईल, तेव्हा हिनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मी तोडलंय. पाटी वाचून तोडलंय. हिनं हाक मारून अडवलं, तरी तोडलंय. माझ्या मुलीनं जे लिहिलं ते खोडायचा तुम्हाला काय अधिकार? साहेब असाल. मी तिची आई आहे."

हे सगळं ती अस्खलित हिब्रूत बोलली होती. एक क्रियापद चुकलं नव्हतं.

झेएवनं ते शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्हाला हिब्रू येतं तर," तो म्हणाला.

"राग आला की येतं," बेला म्हणाली, आणि अदीकडे हात केला. "आण इकडे. सही कुठं करायची?"

अदीनं बोटानं जागा दाखवली. बेलानं सही केली, घाईत, आणि पेन परत देताना पोरीची बोटं मिनिटभर हातात धरून ठेवली. बर्फासारखी होती. ती तिनं आपल्या स्वेटरच्या बाहीत ओढून घेतली, आणि अदीनं ती ओढू दिली.

झातारची फांदी झेएवनं कागदात गुंडाळून पुरावा म्हणून ठेवून घेतली. "संध्याकाळपर्यंत थांबायला नको," तो बेनीला म्हणाला. "मी गेल्या गेल्या लिहून पाठवतो. कायम करा म्हणून."

बेनीनं बायकोकडे बघणं टाळलं. शोशीबायनं टाळलं नाही.

"काय गं," ती मराठीत म्हणाली, "तुझ्या हातानंच झालं की सगळं. नोकरी तूच लावून दिलीस."

"गप्प बसा शोशीबाय."

"मी कुठं काय म्हणते. गव्हर्मेंट सर्विस आहे."

हासाजीकाकांना या कशातच रस नव्हता. ऊन उतरायच्या आत मलिदा व्हायला हवा होता आणि बोकड पातेल्याच्या फार जवळ आले होते. त्यांनी सब्जाची जुडी पाण्यानं धुऊन ताटात ठेवली, टोपी सारखी केली, पुस्तक उघडलं, आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

"उरूस तर आहेच," ते म्हणाले. "पण घरचं काही चांगलं झालं असेल तर त्याचंही नाव घ्यायचं असतं. काय सांगू हानबीला? कशाचा मलिदा?"

सगळे बेलाकडे बघू लागले. पोहे तिनं भिजवले होते, तेव्हा सांगायचा मानही तिचाच.

बेलानं अदीकडे पाहिलं. नाक सोललेलं, कान अजून लालच.

"सांगा," ती म्हणाली, "आमच्या पोरीनं आज पहिला चोर पकडला."

हासाजीकाकांनी मान डोलावली आणि कड्याकडे तोंड करून, अगदी गंभीर सुरात, तसंच सांगितलं. मग बेराखा झाल्या. सब्जाची जुडी हातोहात फिरली आणि झेएवनंही ती हुंगली. 'आमेन' म्हणून झाल्यावर चोरानं पदर खोचला आणि वाढायला घेतलं.